क्षयरोगावर काम करणाऱ्या लहान संस्थेने सल्लागाराकडून नेमकं काय करून घ्यावं? (दिघा ते तुर्भे)

नाका_सकाळ_सात

नमस्कार मंडळी,

आमची संस्था लहान आहे. ११ पगारी माणसं, त्यातले ७ वस्तीत फिरणारे कार्यकर्ते. दिघा, चिंचपाडा, तुर्भे स्टोअर्स आणि बोनसरीकडच्या खदानी अशा नवी मुंबईतल्या चार ठिकाणी काम चालतं. नाका कामगार (सकाळी नाक्यावर उभं राहून रोजंदारी शोधणारे), खदान कामगार आणि त्यांच्या घरच्यांमधले क्षयरोगाचे संशयित शोधायचे, तपासणीला पाठवायचे आणि औषधं पुरी होईपर्यंत पाठपुरावा करायचा. एमआयडीसीतल्या एका कंपनीने ‘संस्थेची क्षमता वाढवण्यासाठी’ सीएसआरमधून (कंपनीच्या सामाजिक कामाच्या निधीतून) ६ लाख मंजूर केलेत. तीन सल्लागारांचे प्रस्ताव आलेत:

अ) पाच वर्षांचा धोरण आराखडा, कर्जतला चार दिवसांचं निवासी शिबिर आणि अहवाल. ५ लाख ४० हजार.
आ) कार्यकर्त्यांसाठी मोबाइल अ‍ॅप. ४ लाख ७५ हजार, देखभाल वेगळी.
इ) २० दिवस, दिवसाला १२,००० आणि वर जीएसटी. काय करणार ते ‘चर्चेअंती ठरवू’.

दुखणं असं की संशयित भरपूर सापडतात, पण तपासणीपर्यंत निम्मेही पोचत नाहीत. महिन्याचा अहवाल एकटी समन्वयक बनवते. ती रजेवर गेली की सगळं ठप्प. कोणाला घ्यावं आणि करारात काय लिहून घ्यावं?

---

टीयू_ते_टीयू

अ नको. शिबिरातून माणसं ताजीतवानी होऊन येतात, सोमवारी त्याच वहीत तेच रकाने भरायला लागतात. आ आत्ता नको, कारण गळती कुठे आहे हे माहीत नसताना अ‍ॅप बांधलं तर अ‍ॅपमध्येही गळतीच दिसेल, फक्त रंगीत. इ घ्या, पण ‘चर्चेअंती’ म्हणजे कोऱ्या कागदावर सही. चर्चा आधी, सही नंतर.

सल्लागाराच्या पहिल्या चार दिवसांचं काम एकच असावं: मागच्या सहा महिन्यांची संशयितांची यादी घेऊन प्रत्येक नाव कुठे अडकलं ते लावणं. टप्पे असे: संशयित म्हणून नोंद, तपासणीची चिठ्ठी दिली, केंद्रात पोचला, थुंकीचा नमुना दिला, निकाल आला, औषधं सुरू झाली, सहावा महिना पुरा. कागदावर सात रकाने आणि प्रत्येकात तारीख. टिकमार्क चालणार नाही, तारीखच हवी. दोन तारखांमधलं अंतर दिसलं की दुखणं कुठे आहे ते कळतं. हे सल्लागाराने स्वतः करू नये. दोन कार्यकर्त्यांना बसवून त्यांच्या हातून करून घ्यावं.

तुमच्या भागात गळती बहुधा चिठ्ठी आणि केंद्र यांच्यामध्ये असणार. नाका सकाळी सातला भरतो, केंद्राची वेळही सकाळचीच. तपासणीला गेला की त्या दिवसाची मजुरी बुडाली. त्याला ‘जाऊन या’ सांगून काही होत नाही. आदल्या संध्याकाळी घरी नमुन्याची डबी द्यायची, पहाटेचा नमुना कार्यकर्त्याने गोळा करून केंद्रात पोचवायचा. पण महापालिकेच्या क्षयरोग विभागाशी लेखी ठरल्याशिवाय नमुने उचलू नका. डब्या, बांधणी, कोणत्या केंद्रात किती वाजेपर्यंत घेतील, निकाल कोणाच्या फोनवर, हे सगळं त्या कागदात असावं. नमुना २ ते ५ मिली हवा आणि लाळ नको, बेडका हवा. रकान्यात ‘लाळ, परत मागवली’ अशी नोंद वारंवार दिसली तर दोष रुग्णाचा नसतो, डबी देताना सांगण्यात असतो.

दुसरं म्हणजे प्रश्न जुना झालाय का ते पाहा. कार्यकर्ते अजून ‘दोन आठवडे खोकला आहे का?’ एवढंच विचारत असतील तर बरेच निसटतात. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या १०० दिवसांच्या मोहिमेपासून साठीच्या वरचे, खूप कमी वजनाचे, मधुमेही, तंबाखू किंवा दारूची सवय असलेले, आधी क्षयरोग होऊन गेलेले आणि रुग्णाच्या घरातले यांना लक्षण नसलं तरी एक्स-रे करण्यावर भर आहे. खदानीतल्या माणसाचं वेगळंच. सिलिकोसिसमुळे (दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारामुळे) त्याचा एक्स-रे तसाही खराब दिसतो आणि सिलिकोसिस असलेल्याला क्षयरोगाचा धोकाही जास्त. म्हणून फिल्म पाहून औषधं सुरू किंवा बंद होऊ नयेत, बेडक्याची नॅट (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी) तपासणी व्हावी. हे कार्यकर्त्याला पाठ हवं, कारण खासगी दवाखान्यात त्याच्याइतकं कोणी विचारणारं नसतं.

---

हिशेबनीस_कळवा

पैशाच्या बाजूचं लिहितो.

इ चा खर्च: २० × १२,००० = २,४०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी ४३,२००. एकूण २,८३,२००. जीएसटीची वजावट तुमच्यासारख्या संस्थेला मिळत नाही, म्हणजे तो निव्वळ खर्च. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ रकमेवर, १० टक्के, म्हणजे २४,०००. पैसे देताना कापा, मार्चमध्ये आठवण होऊन उपयोग नाही. सल्लागार जीएसटीत नोंदलेला नसेल तर तसं त्याच्याकडून लेखी घ्या.

हप्ते असे पाडा: सहीनंतर २० टक्के (४८,०००), यादीचं काम आणि त्यावरून ठरलेला कार्यक्रम हाती आल्यावर ३० (७२,०००), प्रत्यक्ष काम पुरं झाल्यावर ३० (७२,०००), आणि उरलेले २० (४८,०००) सल्लागार बाहेर पडल्यावर ६० दिवसांनी. शेवटच्या हप्त्याची अट ‘अहवाल सादर’ नको. अट अशी हवी: समन्वयकाशिवाय दुसऱ्या कोणी तरी लागोपाठ दोन महिन्यांचा अहवाल स्वतः काढून दाखवला. तुमचं मूळ दुखणं तेच आहे ना.

सीएसआरबद्दल एक गैरसमज नेहमी दिसतो. ‘प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत’ ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला आहे. तुमच्या प्रकल्पातल्या समन्वयकाच्या पगाराला ती लागू नाही. कंपनीचा माणूस ती तुमच्यावर लावत असेल तर करारातला खर्चाचा तक्ता त्याच्यापुढे ठेवा आणि सल्लागाराची फी प्रकल्पाच्या कामाखाली स्वतंत्र ओळीत दाखवा. सीएसआर-१ ची (सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थांची) नोंदणी झालेली आहे असं धरतो. ती १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे.

परदेशी निधी असेल तर मात्र गणित बदलतं. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएमध्ये (परदेशी देणग्यांच्या कायद्यात) प्रशासकीय खर्चाची कमाल मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि व्यावसायिक शुल्क त्यातच धरलं जातं. तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. सल्लागार जर स्वतः संस्था असेल तर आधी सीएला विचारा.

आणि ६ लाखांतले उरलेले ३ लाख १७ हजार ‘संपवायचे’ म्हणून लॅपटॉप घेऊ नका. समन्वयकाच्या हाताखाली अर्धवेळ एक माणूस वर्षभर, दरमहा १५,००० ने १ लाख ८० हजार. क्षमता वाढते ती अशी. कंपनीला हे पटवताना ‘दुसरा अहवालकर्ता’ म्हणा, ‘जास्तीचा कर्मचारी’ म्हणू नका. (शब्द बदलला की मंजुरी मिळते, हेही एक कौशल्यच.)

---

बॅग_आणि_लोकल

सल्लागारांच्या बाजूने दोन शब्द, कारण वर सगळा भरवसा करारावर ठेवलाय.

करार कितीही घट्ट असू दे, संस्थेने वेळ दिला नाही तर २० दिवस वाया जातात. दर आठवड्याला ठरलेले दोन तास हवेत, संचालक हजर हवेत आणि सल्लागाराच्या बरोबरीने काम करणारी दोन नावं पहिल्या दिवशी ठरलेली हवीत. एक नाव पुरत नाही. त्याने नोकरी सोडली की शिकलेलं सगळं त्याच्याबरोबर गेलं. वस्तीत काम करणारे कार्यकर्ते पगारासाठी जागा बदलतात, हे धरूनच बेत आखावा.

२० दिवस सलग घेऊ नका. चार दिवस यादी, मग दर पंधरवड्याला दोन याप्रमाणे बारा आणि शेवटचे चार हातचे राखून ठेवलेले. मधल्या दिवसांत सल्लागार स्वतः बैठक चालवणार नाही, पर्यवेक्षक चालवेल, सल्लागार मागे बसेल. ४५ मिनिटांची बैठक, एकच ए-फोर कागद आणि पाच आकडे: नवीन संशयित, केंद्रात पोचलेले, सात दिवसांत निकाल आलेले, औषधं सुरू झालेले, डोस चुकवलेले. प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न, अडकलेली नावं कोणती? टक्केवारी काढायला बसलात की बैठक दीड तासाची होते आणि नावं राहून जातात.

कार्यकर्ते खरोखर घरोघरी पोचलेत का हे तपासायला एलक्यूएएस (थोडी घरं निवडून भाग पास की नापास ठरवायची पद्धत) वापरा. फुकट आहे आणि तुमच्या आकाराला बरोबर बसतं. चार भाग, प्रत्येकी १९ घरं, एकूण ७६. प्रश्न ठरवायचा, उदा. ‘गेल्या तीन महिन्यांत आमचं माणूस येऊन खोकला-वजनाबद्दल विचारून गेलं का?’ लक्ष्य ८० टक्के असेल तर १९ पैकी निदान १३ ‘हो’ हवेत. १२ किंवा कमी आले तर तो भाग मागे. भागाचा टक्का यातून काढू नका, १९ घरांत तो निघत नाही. फक्त ‘पोचलो’ किंवा ‘मागे’. चारही मिळून ७६ चा आकडा घेतलात तर तो १०-११ टक्के इकडेतिकडे धरा. बिघडतं ते दोन ठिकाणी. कार्यकर्ता आपलाच भाग तपासतो (अदलाबदल करा: दिघ्याचा तुर्भ्यात, तुर्भ्याचा दिघ्यात), आणि घरं चिठ्ठ्या टाकून न निवडता रस्त्यालगतची घेतली जातात. वरच्या गल्लीत, पाण्याच्या टाकीपलीकडे कोणी चढत नाही. दोन माणसांना रोज प्रत्येकी १० घरं धरली तर चार दिवसांत होतं.

आराखडा लिहिणाऱ्याला निधीवर टक्केवारी कबूल करू नका. ‘मी प्रस्ताव लिहितो, मंजूर झाला की दहा टक्के’ असं कोणी म्हटलं तर नमस्कार करून निरोप द्या. देणगीदाराच्या खर्चाच्या तक्त्यात ती रक्कम कुठेच बसत नाही, मग ती दुसऱ्या नावाने दाखवायची पाळी येते.

---

नाका_सकाळ_सात

सगळ्यांचे आभार. तीन शंका. १) विश्वस्त म्हणतात धोरण आराखडा हवाच. २) निक्षयवर (क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीवर) आमचं लॉगिन नाही, मग ‘औषधं सुरू’ची तारीख आणायची कुठून? ३) रुग्णाला सरकारकडून मिळणारे पोषणाचे पैसे मिळाले नाहीत म्हणून लोक कार्यकर्त्यांवरच चिडतात. हे सल्लागाराच्या कामात घालावं का?

---

टीयू_ते_टीयू

१) यादीचं काम झाल्यावर दोन पानी आराखडा आपोआप लिहिता येतो: पुढच्या वर्षी कोणती दोन गळती बंद करणार, कोणत्या भागात, किती माणसांनी. विश्वस्तांना तोच द्या.

२) महिन्यातला एक दिवस एसटीएसबरोबर (सरकारी क्षयरोग कार्यक्रमातल्या उपचार पर्यवेक्षकाबरोबर) बसायचं ठरवून घ्या. तुमची यादी आणि निक्षयवरची यादी समोरासमोर. निक्षय आयडीवर जुळवा, नावावर नको. ‘संतोष’ आणि ‘सन्तोष’ वेगळे निघतात, आणि एकाच माणसाचे दोन आयडीही सापडतात. होळी, पावसाळ्यातली खदान बंदी आणि दिवाळी यांच्या आधी ही बैठक आठवडाभर अलीकडे घ्या. गावी जाणाऱ्याची निक्षयवर बदली आणि सोबत औषधं या दोन्ही गोष्टी निघण्यापूर्वी व्हायला हव्यात, गावाहून फोन आल्यावर नव्हेत.

३) हो, घाला. निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये आहेत, आधी ५०० होते. सहा महिन्यांच्या उपचारात ते ३,००० च्या दोन हप्त्यांत येतात, दुसरा ८४ दिवसांनी. अडकण्याची कारणं तीच ती असतात: खातं वापराविना निष्क्रिय, आधार जोडलेलं नाही, किंवा पासबुकावर जुना आयएफएससी. देना, विजया, आंध्रा, कॉर्पोरेशन, सिंडिकेट, अलाहाबाद या बँका २०१९ आणि २०२० मध्ये विलीन झाल्या, पण पासबुक तेच आहे. औषधं सुरू करण्याच्या दिवशीच पासबुक बघायचं, तिसऱ्या महिन्यात नाही. हे शिकवायला सल्लागाराचा अर्धा दिवस पुरे.

---

हिशेबनीस_कळवा

एक राहिलं. पासबुक आणि आधारचे फोटो कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असतील तर ते आजच थांबवा. सल्लागाराला यादी देताना नाव, फोन आणि घर क्रमांक काढून फक्त तुमचा अनुक्रमांक ठेवा. नावांची चावी समन्वयकाकडे. एचआयव्हीचा रकाना त्या यादीत असूच नये. २०१७ च्या कायद्याने ती माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे आणि या कामाला ती लागतही नाही. करारात गोपनीयतेचं कलम, आणि काम संपल्यावर सगळ्या फाइली पुसल्याचं लेखी पत्र. चौथा हप्ता त्या पत्राशिवाय सोडू नका.

---

बॅग_आणि_लोकल

आणि एक्सेल संस्थेच्या ईमेलवरच बनवून घ्या, माझ्यासारख्याच्या नाही. सल्लागार गेला की फाइलही जाते आणि मग पासवर्डसाठी फोनाफोनी चालू होते.