मदत हवी आहे : घरात नांदेल आणि शेतावर शिकारही करेल असं कुत्रं कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

कुत्रं आणायचं यावर आमच्या घरात एकमत झालंय (हेच खूप आहे), पण कोणतं आणायचं यावर चार माणसांची पाच मतं आहेत, म्हणून इथे विचारतेय.

आम्ही धायरीत राहतो. रो-हाऊस आहे, पुढे एका गाडीपुरती जागा आणि मागे चिंचोळा बोळ, अंगण म्हणावं असं काही नाही. घरात मी, नवरा, सहावीतली मुलगी, पहिलीतला मुलगा, सासरे (आम्ही अण्णा म्हणतो) आणि सखूबाई नावाची मांजर, जी स्वतःला घरमालकीण समजते. सुप्याजवळ थोडी शेती आहे, बाजरी, ज्वारी आणि कांदा. शनिवार-रविवार आम्ही तिकडे असतो, अण्णा तर अधनंमधनं आठवडा आठवडा राहतात. तिथे घुशींनी नुसता वात आणलाय. कांदा चाळीखाली बिळं, ठिबकच्या नळ्या कुरतडलेल्या, बाजरीच्या पोत्याला खालून भोक आणि वरून पोतं एकदम शहाण्यासारखं उभं, उचलायला गेलं की सगळं धान्य पायावर. शिवाय रात्री रानडुकरं येतात ती वेगळीच.

अण्णांचं म्हणणं, कारवानी (दख्खनच्या माळावरची शिकारी देशी जात) घ्या, दुसरं काही बघूच नका. ते मूळचे जतकडचे, लहानपणी त्यांच्या वस्तीवर कारवानी असायची आणि ससा उठला की कुत्रं कसं सुटायचं हे ते सांगायला लागले की हातातला चहा गार होतो पण गोष्ट संपत नाही. मुलांना लॅब (लॅब्राडोर) पाहिजे. नवऱ्याने व्हिडिओ बघून जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर शोधून काढलाय, दिवाळीपर्यंत हे नावसुद्धा त्याने ऐकलं नव्हतं. आणि मला असं कुत्रं हवंय की जे मुलाने शेपूट ओढली तर गुरगुरून बाजूला होईल पण चावणार नाही, सखूबाईला खाणार नाही, आणि सकाळी माझ्या पाऊण तासाच्या फिरण्यात ज्याचं भागेल, कारण उत्साह सगळ्यांचा असला तरी पट्टा शेवटी माझ्याच हातात येणार हे लिहून ठेवा.

तर कारवानी पुण्यात अशा घरात राहू शकतं का? मांजर आणि कारवानी एका छपराखाली शक्य आहे का? घुशी मारायला नक्की कुठली जात लागते? आणि रानडुकराच्या मागे कुत्रं सोडायचं हे अण्णांच्या डोक्यात आहे, ते कायद्याने चालतं का? मला शंका आहे पण त्यांना माझ्यापेक्षा चार अनोळखी लोकांनी सांगितलेलं जास्त पटतं.

शनिवारपेठी

शिकारी कुत्रं पाहिजे आणि शिकार तर देशात बंद. म्हणजे फेरारी घ्यायची आणि लक्ष्मी रोडला चालवायची. बाकी चालू द्या, वाचतोय.

माळावरचा

ताई, आमच्याकडे आटपाडीला पिढ्यान्‌पिढ्या कारवानी आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. मुधोळ हाउंड म्हणतात ते हेच, मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जपली, त्यांच्या आधीपासून दख्खनच्या माळावर ती होतीच. २००५ साली पोस्टाने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यातही मुधोळ आहे. हे डोळ्याने शिकार करणारं कुत्रं आहे, नाकाने नाही, हा फरक तुमच्या कामाचा आहे. लांबवर काहीतरी हललं की ते सुटतं, आणि एकदा सुटलं की तुम्ही नावाने हाका मारा नाहीतर बिस्किटाचा पुडा वाजवा, कान बंद. माळावर याची मजा आहे, सिंहगड रोडला हाच जीव जाण्याचा प्रकार आहे. पट्टा कधी सोडायचा नाही, आणि पट्टाही साधा नको, याचं डोकं मानेपेक्षा बारीक असतं, साधा पट्टा मागे सरकून सहज निघतो. मार्टिंगेल नावाचा रुंद पट्टा मिळतो तो घ्या.

घरात म्हणाल तर लोकांना वाटतं तेवढं अवघड नाही. पळून झालं की दिवसभर गादीवर लोळणारं कुत्रं आहे, भुंकणं कमी. पण रोज एकदा मोकळं सुसाट पळायला हवंच, पाऊण तास पट्ट्याने चालणं म्हणजे त्याच्यासाठी पाय मोकळे करणं. अंगाला हात लावून घ्यायला, विशेषतः परक्यांचा, बहुतेक कारवानींना आवडत नाही. तुमच्या मुलीशी जमेल, पहिलीतल्या मुलाचे मित्र घरात धुडगूस घालायला लागले की ते कोपऱ्यात जाऊन बसेल किंवा वैतागेल. आणि फासळ्या दिसणारच, ती त्याची अंगकाठी आहे, पण पुण्यात रोज कुणीतरी थांबवून विचारेल की खायला घालत नाही का हो.

मांजर : लहानपणापासून एकत्र वाढलं तर घरातल्या मांजरीला बरेचदा सोडून देतं. बरेचदा म्हणतोय. तीच मांजर बोळातून पळाली तर ती त्याच्या लेखी मांजर नाही, ससा आहे.

घुशीसाठी मात्र कारवानी उपयोगाचं नाही. बिळाशी तासभर बसून राहणं हा त्याचा पिंडच नाही.

धागाकर्ती

धन्यवाद, हे अण्णांना मोठ्याने वाचून दाखवलं. घुशीच्या मुद्द्यावर "आमचं मारायचं" एवढंच म्हणाले आणि पेपर वर केला. नवऱ्याला पॉइंटरबद्दल कुणी सांगेल का, तो अजून हटलेला नाही.

सहज सुचलं

पॉइंटर माझ्या भावाकडे आहे, बाणेरला. कुत्रं हुशार, मुलांशी प्रेमळ, पण पक्ष्यांच्या शिकारीसाठी शिकाऱ्याबरोबर दिवसदिवस रानात फिरायला घडवलेली जात आहे हो ती. भाऊ स्वतः मॅरेथॉनवाला आहे म्हणून जमतंय, रोज पहाटे त्याला घेऊन पळतो. मध्ये त्याचा पाय मुरगळला तर त्या आठवड्यात कुत्र्याने सोफ्याचा फोम काढून हॉलभर पसरला. बाल्कनीत कबूतर बसलं की एक पाय उचलून पुतळ्यासारखं उभं राहतं, ते बघायला फार गोड वाटतं, पण त्याचा उपयोग शून्य.

लॅबही मुळात शिकारीचंच कुत्रं आहे, पाण्यात पडलेला पक्षी उचलून आणून देणारं. मारायचं नाही, अलगद तोंडात धरून आणायचं. म्हणजे घूस दिसली तर तुम्हाला भेट म्हणून आणून देईल कदाचित. मुलांसाठी याच्याइतकं सोपं कुत्रं नाही, फक्त अण्णांना ताटातलं द्यायची सवय असेल तर वर्षाभरात पिंप होतं आणि मग खुब्याचे त्रास सुरू.

कलमबहाद्दर

रानडुकराच्या प्रश्नाला सरळ उत्तर. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीची व्याख्या फक्त मारणं एवढी नाही, पकडणं, पाठलाग करणं, हाकणं, फासे लावणं, आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, सगळं शिकारीतच येतं. म्हणजे कुत्रं मागे सोडलं आणि हाती काही लागलं नाही तरी तुम्ही अडकलात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साधारण गुन्ह्याचा दंड २५ हजारांवरून १ लाखापर्यंत गेलाय, कैद ३ वर्षांपर्यंत आहेच. मोर, घोरपड, चिंकारा ही शेड्युल १ मधली, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या यादीतली, तिथे किमान शिक्षाच ३ वर्षांची आहे. अण्णांच्या आठवणीतला ससासुद्धा संरक्षित आहे. पिकाचं नुकसान होत असेल तर वनखात्याकडे अर्ज, पंचनामा, नुकसानभरपाई हा रस्ता, डुकरांच्या बंदोबस्ताची परवानगीही तेच देतात, आपण आपलं ठरवायचं नाही.

आणि तुम्ही सुपे म्हणताय. मयूरेश्वर अभयारण्य तुमच्या उशाशी आहे, तिथले चिंकारे बाहेरच्या माळावर चरायला येतात. त्या भागात मोकळं सुटलेलं कारवानी म्हणजे चिंकाऱ्याच्या मागे कुत्रं, ही बातमी व्हायला वेळ लागत नाही. घरची उंदीर-घूस मारण्यावर मात्र कुणी तुम्हाला पकडणार नाही.

गोळी औषध

मी व्हेट आहे, जातीच्या वादात पडत नाही, पण घुशी मारणारं कुत्रं म्हटल्यावर दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली, लेप्टो. उंदीर-घुशींच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, कुत्र्याला होतो आणि कुत्र्याकडून घरच्यांनाही होऊ शकतो. नेहमीच्या लसींबरोबर लेप्टोची लस आहे का ते विचारून घ्या, ती दरवर्षी द्यावी लागते. रेबीज तर आहेच, त्याचं सर्टिफिकेट महापालिकेच्या लायसन्सलाही लागतं.

दुसरी जास्त महत्त्वाची. तुमच्या किंवा शेजारच्या शेतात उंदरांचं विष टाकतात का? ब्रोमॅडिओलोन (उंदरांचं एक विष) खाल्लेली घूस लगेच मरत नाही, सुस्तावते, म्हणजे कुत्र्याला आयती सापडते. कुत्र्याला त्रास दोन-चार दिवसांनी दिसतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त, धाप. व्हिटॅमिन के वेळेत सुरू केलं तर वाचतं. झिंक फॉस्फाईड हे दुसरं विष मात्र काही तासांतच घात करतं आणि त्याला उतारा नाही. एकाच शेतात विषही टाकायचं आणि कुत्रंही सोडायचं असं चालणार नाही, दोन्हीपैकी एकच ठेवा.

कारवानीच घेतलंत तर एक. या सडपातळ जातींना भुलीची काही औषधं जड जातात, नसबंदीच्या वेळी डॉक्टरला जात आठवणीने सांगा. शेतावरून आलं की कानात आणि बोटांच्या मध्ये गोचीड बघा, तापाच्या निम्म्या केसेस माझ्याकडे तिथूनच येतात.

सहज सुचलं

आणि रात्री शेतावर कुत्रं बाहेर बांधू नका ताई, बिबट्या तुमच्या बाजूलाही यायला लागलाय. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता, त्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचाच निघाला. साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे वाढलेलं ताट.

माळावरचा

हे बरोबर. आमच्याकडे रात्री सगळी आत.

भटकं मन

एवढ्या जाती झाल्या, गावठीचं नावच कुणी काढलं नाही. आमच्याकडे उरुळीला एक गावठी कुत्री आहे, तिने गोठ्यातल्या घुशी संपवल्या. शिकवलं कुणीच नाही. बिळाच्या एका तोंडाशी तोंड लावून उकरायची आणि डोळा दुसऱ्या तोंडावर, घूस बाहेर आली की मानेला धरून एक झटका, खाणं नाही, खेळणं नाही, टाकून पुढच्या बिळाला. डुक्कर आलं तर जागेवरून भुंकते, मागे जात नाही, आणि तेच बरं, डुकराच्या सुळ्याने पोट फाटलेलं कुत्रं मी बघितलंय. उन्हाचा त्रास नाही, आजारपण कमी, वाटेल ते खाऊन सुखी.

जॅक रसेलसारखे टेरियर मुळात कोल्ह्याला बिळातून हुसकायला घडवलेत, उंदीरही चांगले मारतात, पण दिवसभर अंगात भूत संचारल्यासारखे असतात आणि तुमची सखूबाई त्यांनाही उंदीरच वाटेल. डॅशहुंड बिळात घुसायला घडवलेलं, त्याला रो-हाऊसचे जिने चढउतार करायला लावलेत तर पाठ जाते.

शनिवारपेठी

पहिल्यांदा कामाचं लिहितो. पिल्लू विकत घ्यायचंच असेल तर २०१७ च्या नियमांप्रमाणे ब्रीडरची नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. पार्किंगमध्ये डिकी उघडून पिल्लं दाखवणाऱ्यांकडून घेऊ नका. मुधोळच हवं असेल तर मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं केंद्र आहे, आधी चौकशी करून, नाव नोंदवून जा. आणि घुशींसाठी कुत्र्याच्या आधी शेतात पक्षीथांबे (पक्ष्यांना बसायला उभ्या काठ्या) लावा, रात्री घुबडं बसतात, फुकटात काम करतात, लायसन्स लागत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः विषाबद्दल सांगितलंत ते. शेजारच्या दादांना विचारलं, ते बांधावर टाकतात, आता कुत्रं येण्याआधी बंद करतो म्हणालेत, आम्ही त्यांना पिंजरे द्यायचे असं ठरलंय.

पॉइंटरचा विषय सोफ्याच्या फोमवर संपला, सोफ्याचे हप्ते अजून चालू आहेत. लॅबबद्दल मुलं अजून तोंड फुगवून आहेत. अण्णांना कलमबहाद्दर यांचं उत्तर दोनदा वाचून दाखवलं, पहिल्यांदा म्हणाले पूर्वी असं नव्हतं, दुसऱ्यांदा काही बोलले नाहीत. मग संध्याकाळी स्वतःहून म्हणाले की कारवानी आणून त्याला पट्ट्यालाच बांधून ठेवायचं असेल तर नको, त्या कुत्र्यावर तो अन्याय आहे, तुमचं ते गावठी आणा, पण कुत्रीच आणा, राखणीला कुत्रीच बरी. हे इतक्या लवकर होईल असं मला वाटलं नव्हतं.

तर आता नऱ्हे, धायरी, वडगाव या भागात कुणाकडे आठ आठवड्यांच्या पुढची गावठी पिल्लं असतील, मादी, आणि मांजरांच्या आसपास वाढलेली असेल तर फारच उत्तम, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. घुशीचे पिंजरेही हवेत. मंडईजवळून आणले होते त्यांची जाळी घुशीने वाकवली, त्याहून जाड कुठे मिळतील?