मेपलचा नेक बदलावा की आधी तारा? बेस गिटारच्या टोनबाबत सल्ला हवा आहे (नागपूर)

खर्जवाला

नमस्कार. मी नागपुरात एका हौशी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. आमचे कार्यक्रम मुख्यतः जुन्या हिंदी आणि मराठी चित्रपटगीतांचे असतात. माझ्याकडे अमेरिकन फेंडर कंपनीच्या जॅझ बेस या मॉडेलच्या घडणीचा, 34 इंच स्केलचा (तारेची कंप पावणारी लांबी), चार तारांचा बेस आहे. त्याचा नेक (दांडा) आणि फिंगरबोर्ड (दांड्यावरची, बोटे दाबायची पट्टी) दोन्ही मेपलचे आहेत, आणि त्यावर 45 ते 105 गेजच्या (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) स्टेनलेस स्टीलच्या राउंडवाउंड तारा आहेत.

माझ्या दोन तक्रारी आहेत. पहिली अशी की, जुन्या गाण्यांत बेसचा जो गोल, भरीव आवाज ऐकू येतो तो माझ्या वाद्यातून निघत नाही. आवाज करकरीत येतो आणि तारेवरून बोट सरकल्याचा खरखराट थेट स्पीकरमधून ऐकू जातो. दुसरी अशी की, जी (G) तारेवर पाचव्या आणि सहाव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सूर लवकर विझतो, शेजारच्या फ्रेटवर मात्र तो व्यवस्थित टिकतो. एका दुकानदाराने "मेपल म्हणजे चरचरीत, शिसवी नेक बसवा, दोन्ही दुखणी जातील" असे सांगितले आहे. पण त्याचा खर्च वाद्याच्या किमतीच्या निम्म्याच्या घरात जातो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

चौथी तार

नेकवर एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी तारा बदला. तुमच्या पहिल्या तक्रारीचे जवळजवळ संपूर्ण उत्तर तुम्ही स्वतःच लिहिले आहे: स्टेनलेस स्टील आणि राउंडवाउंड. बेसच्या तारांमध्ये याहून उजळ आवाजाचा प्रकार सहसा मिळत नाही.

राउंडवाउंड तारेत गाभ्यावर गोल तार गुंडाळलेली असते, त्यामुळे पृष्ठभागावर बारीक खाचा राहतात. बोट घासल्याचा आवाज त्या खाचांमुळेच येतो. फ्लॅटवाउंडमध्ये बाहेरची गुंडाळी चपट्या पट्टीची असल्याने तार गुळगुळीत लागते, वरचे स्वरांश (मूळ सुरासोबत उमटणारे उंच सूर) लवकर विरतात आणि मूळ सूर पुढे येतो. राउंडवाउंड तारा रुळल्या त्या 1960च्या दशकात, रोटोसाउंड या ब्रिटिश तार-कंपनीने 'द हू' बँडचे बेसवादक जॉन एंटविसल यांच्यासोबत त्या विकसित केल्यानंतर. त्याआधीचे बहुतेक इलेक्ट्रिक बेसवादन फ्लॅटवाउंडवरच झाले, म्हणून आपल्या कानात 'जुना आवाज' म्हणून जो बसला आहे त्यात तारेचा वाटा फार मोठा आहे. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन फेंडरच्या 1962च्या प्रिसिजन बेसवर ला बेला कंपनीच्या 52 ते 110 गेजच्या जाड फ्लॅटवाउंड लावत आणि तार तुटल्याशिवाय बदलत नसत. शिवाय ब्रिजच्या (वाद्याच्या धडावर तारा जिथे टेकतात त्या भागाच्या) झाकणाखाली फोमचा तुकडा असे. तो प्रयोग तुम्ही आज रात्रीच करू शकता: भांडी घासायच्या नव्या स्पंजची बोटभर रुंद पट्टी कापून ब्रिजला लागून तारांखाली सरकवा आणि टोनचा नॉब निम्म्यावर आणा. हा आवाज आवडला तर फ्लॅटवाउंड घ्या. नाही आवडला, तर शिसवी नेकही आवडण्याची शक्यता कमी.

तारेच्या धातूबद्दल थोडक्यात सांगतो. स्टेनलेस स्टील सर्वांत उजळ, आणि ते फ्रेटही लवकर झिजवते. निकेलचा मुलामा दिलेले स्टील मधले. शुद्ध निकेल सर्वांत मऊ.

सागवान

मी लाकूडकामातला माणूस आहे आणि गिटारांची दुरुस्तीही करतो, त्यामुळे नेकच्या बाजूने लिहितो.

सर्वप्रथम, दुकानदार ज्याला शिसवी नेक म्हणत आहेत तो बहुधा शिसवी फिंगरबोर्ड असलेला मेपलचाच नेक असेल. फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बेस आणला तेव्हा अख्खा नेक मेपलचा होता. 1959 मध्ये त्यावर शिसवी फिंगरबोर्ड आला, पण खालचा दांडा मेपलचाच राहिला. म्हणजे तुम्ही बदलणार आहात ती वरची काही मिलिमीटर जाडीची पट्टी. शिवाय फ्रेट असलेल्या बेसवर तार दाबल्यानंतर ती टेकते धातूच्या फ्रेटवर, लाकडावर नव्हे. फ्रेटलेसची (फ्रेट नसलेल्या बेसची) गोष्ट वेगळी, कारण तिथे तार थेट लाकडाला घासते. म्हणूनच प्रसिद्ध बेसवादक जाको पास्टोरियस यांनी आपल्या फ्रेटलेस जॅझ बेसच्या फिंगरबोर्डावर इपॉक्सीचा थर दिला होता, कारण त्यावर ते राउंडवाउंड वाजवत.

मग नेकच्या लाकडाचा काहीच परिणाम नाही का? आहे, पण वेगळ्या ठिकाणी. पिकअप (तारांखालचा चुंबकीय भाग) लाकडाचा आवाज उचलत नाही, तारेची हालचाल उचलतो. नेक मात्र त्या तारेतली ऊर्जा कमी-अधिक प्रमाणात शोषून घेतो. प्रत्येक नेकची स्वतःची एक कंपनसंख्या असते, आणि वाजवलेला सूर तिच्या जवळ गेला की तारेची ऊर्जा नेक हलवण्यात खर्च होते व सूर विझतो. जी तारेचा पाचवा फ्रेट म्हणजे सुमारे 131 हर्ट्झ आणि सहावा सुमारे 139. बोल्टने जोडलेल्या लांब नेकच्या बेसवर नेमका हा टापू कुप्रसिद्ध आहे. तुमची दुसरी तक्रार म्हणजे हाच 'डेड स्पॉट', आणि तो फिंगरबोर्डचे लाकूड बदलून जाईलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. दुसऱ्या नेकवर तो एखादा फ्रेट पुढेमागे सापडेल, एवढेच.

खात्री करायची असेल तर हेडस्टॉकच्या (नेकच्या, खुंट्या असलेल्या शेवटच्या भागाच्या) टोकाला, दोन्ही बाजूंनी पातळ लाकडी चिपा ठेवून, एक छोटा जी-क्लॅम्प आवळा आणि तेच सूर अँपशिवाय वाजवून पाहा. टोकाला वजन वाढले की नेकची कंपनसंख्या खाली उतरते आणि मेलेली जागा नटच्या (हेडस्टॉकजवळच्या, तारांच्या खाचा असलेल्या पट्टीच्या) दिशेने सरकते. हलक्या वजनाच्या ट्यूनिंग कीज बसवल्या तर ती उलट बाजूला जाते.

धरमपेठ फ्रेटलेस

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, पण फ्लॅटवाउंडचे एवढे कौतुक मला मान्य नाही. घरी छोट्या अँपवर त्या मधाळ वाटतात. मात्र सभागृहात ढोलक, तबला, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डचा डावा हात एकाच वेळी खालच्या पट्टीत घुसले की फ्लॅटवाउंडचा सूर आहे की नाही हेच मागच्या रांगेत कळत नाही. ई तारेचा मूळ सूर 41 हर्ट्झचा आहे. बहुतेक भाड्याच्या स्पीकरमधून तो पुरेसा निघतच नाही. श्रोता त्याच्या वरच्या स्वरांशांवरून तो ओळखतो, आणि तेच स्वरांश फ्लॅटवाउंड कमी करते. सुरेश भट सभागृहासारख्या मोठ्या जागेत वाजवणाऱ्याने याचा विचार करावाच.

माझा सल्ला शुद्ध निकेलच्या राउंडवाउंडचा किंवा हाफवाउंडचा राहील. हाफवाउंडमध्ये गोल गुंडाळी वरून घासून सपाट केलेली असते. खरखर बरीच कमी होते आणि सुराची कडा शिल्लक राहते.

नेकबद्दल बोलायचे तर, आपल्या शहरात टोनपेक्षा हवामानाचा विचार आधी करायला हवा. मे महिन्यात 45 अंशांच्या कोरड्या उन्हातून आपण वाद्य घरी आणतो आणि ते थेट कूलरच्या ओलसर झोतात ठेवतो. जूनच्या मध्यानंतर पाऊस. एवढ्या चढउतारात लाकूड फुगते, आकसते. उन्हाळ्यात फ्रेटची टोके नेकच्या कडेला बोटांना टोचू लागली, तर फिंगरबोर्ड आकसला आहे असे समजावे. कधीकाळी नेक बदलायचाच झाला, तर भाजलेल्या मेपलचा किंवा क्वार्टर-सॉन कापणीचा (लाकडाची वलये उभी येतील असा कापलेला) पाहा. भाजलेले लाकूड ओलावा कमी शोषते, आणि क्वार्टर-सॉन नेक वाकायला व पिळायला कमी धजतो.

खर्जवाला

सर्वांचे मनापासून आभार. स्पंजची पट्टी लावून पाहिली. आवाज हवा त्याच्या बराच जवळ गेला, फक्त सूर जरा जास्तच तुटक झाला. क्लॅम्पचाही प्रयोग केला: पाचवा-सहावा फ्रेट मोकळा झाला आणि विझणारी जागा चौथ्यावर आली. म्हणजे नेक बदलण्याचा विचार तूर्त रद्द.

दोन शंका उरल्या आहेत. फ्लॅटवाउंड घेतल्यास नेकवर ताण वाढेल का? आणि घरचे एक ज्येष्ठ सारखे सुचवतात की आलापल्लीचे (गडचिरोली जिल्हा) जुने सागवान पडून आहे, त्याचाच नेक करून घे. हे शक्य आहे का?

सागवान

आलापल्लीचे सागवान असेल तर आधी ते मला दाखवा, हे अर्ध्या थट्टेने लिहितो आहे. सागवानाचा नेक होऊ शकतो. ते ओलाव्याला फारसे दाद देत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण त्यात तेल असल्याने फिंगरबोर्ड चिकटवण्यापूर्वी पृष्ठभाग सॉल्व्हंटने पुसून लगेच गोंद लावावा लागतो, आणि त्यातल्या सिलिकामुळे रंध्याची व पटाशीची धार भराभर जाते. ट्रस रॉडची (नेकचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या धातूच्या सळईची) खाच आणि फ्रेटच्या चिरा अचूक कापणारा कारागीर नसेल तर त्या लाकडाचा पाट करा, नेक नको.

चौथी तार

ताणाबद्दल. तुमच्या सध्याच्या 45 ते 105च्या संचाचा चारही तारांचा मिळून ताण साधारण 80 किलोच्या आसपास असतो. फ्लॅटवाउंड त्याच गेजमध्ये अनेकदा अधिक ताणाच्या असतात, पण सगळ्याच नव्हे. अनेक पाकिटांवर प्रत्येक तारेचा ताण छापलेला असतो, तो वाचून जवळचा संच निवडा. गेज फार जाड घेऊ नका, नाहीतर नटच्या खाचा रुंद कराव्या लागतील आणि त्या पुन्हा अरुंद होत नाहीत. फ्लॅटवाउंड महाग पडतात हे खरे, पण गुंडाळीत घाम आणि मळ साचत नसल्याने त्या वर्षानुवर्षे चालतात. आपल्या उकाड्यात राउंडवाउंडची चमक किती लवकर उतरते ते तुम्हाला माहीत आहेच.

भाऊ, जुन्या तारा एकदम सगळ्या काढू नका, एकेक बदला. नंतर पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून, शेवटचा फ्रेट दाबून, सातव्या-आठव्या फ्रेटजवळ ई तारेखालचे अंतर पाहा. साध्या व्हिजिटिंग कार्डाएवढी, म्हणजे सुमारे 0.3 मिलिमीटर, फट असावी. जास्त असेल तर ट्रस रॉड एका वेळी पाव फेराच आवळा आणि पुन्हा मोजण्यापूर्वी नेकला एक रात्र द्या. इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर अचूक येण्यासाठीची जुळणी) त्यानंतर लावा.