नाभी मधोमध असते का? (शब्द: फोकस)

भाची दहावीला आहे. परवा विज्ञानाचं पुस्तक घेऊन आली नि म्हणाली, "मामा, नाभी म्हणजे बेंबी ना? मग सूर्य बेंबीवर कसा?" केप्लरचा पहिला नियम होता: ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार, आणि सूर्य तिच्या एका नाभीवर. पुढं भिंगाच्या धड्यात मुख्य नाभी, नाभीय अंतर. भूगोलात भूकंपनाभी. इंग्रजीत तिन्हीकडं फोकस.

शब्द देखणा आहे, पण मला तो फसवा वाटतो. बेंबी पोटाच्या मधोमध. संस्कृतात चाकाच्या तुंब्यालाही नाभीच म्हणतात, तोही मधोमध. लंबवर्तुळाला मात्र नाभी दोन, आणि मधोमध एकही नाही. पृथ्वीच्या कक्षेत सूर्य मध्यापासून सुमारे २५ लाख किलोमीटर बाजूला आहे. तिथं 'केंद्र' म्हणणं तर सरळ चूक.

लॅटिनमधला फोकस म्हणजे चूल. केप्लरनं १६०४ साली हा शब्द भूमितीत आणला. चूल घराच्या मधोमध असावी असा काही नियम नाही. आमच्या जुन्या घरात ती मागच्या कोपऱ्यात होती. म्हणजे चूल शब्दात जाळ आहे, मध्य नाही.

भाचीला गच्चीवर नेलं. भिंग वर-खाली करता करता कागदावरचा ठिपका मोहरीएवढा झाला, कडा तपकिरी पडली, धूर निघाला. पट्टीनं मोजलं तर दहा सेंटिमीटर. "हे नाभीय अंतर." "म्हणजे चुलीचं अंतर," ती म्हणाली. मला तरी हेच आवडलं.

भूकंपात दिशाच उलटी. भिंगात किरण नाभीकडं येतात, भूकंपात लाटा नाभीपासून निघतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला धरणी हलली तेव्हा इथं कोल्हापुरात आमच्या फळीवरची भांडी खाली आली, असं आई सांगते. नाभी जमिनीच्या पोटात. तिच्या नेमकं वर, पृष्ठभागावर, ते अपिकेंद्र. बातमीत मोघम 'केंद्र' आलं की दोन्हींतलं कुठलं, कळत नाही.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांच्या गावात 'फोकस गेलाय' याला मराठी शोधत कोण बसतंय? अभ्यासाला मात्र 'फोकस कर' कशाला? 'लक्ष दे' आहे, 'ध्यान कुठाय रं?' आहे. आणि 'एकाग्र' तर फारच नेटका: अग्र म्हणजे टोक, इथंही मध्य नाहीच.

राहिला गणपतीतल्या मांडववाल्याचा फोकस, म्हणजे हॅलोजनचा मोठा दिवा. भिंगाचा फोकस उजेड गोळा करतो, हा अख्ख्या गल्लीत उधळतो. गेल्या वर्षी हे त्याला समजावून बघितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं नि विचारलं, "बरं, मग फोकस किती लावू? दोन का चार?"