सासऱ्यांना शुगर आहे, तळपायाच्या कुरुपाला बिब्बा लावू का?

गुहागरची सून

सासऱ्यांना (आम्ही आबा म्हणतो) अकरा वर्षं शुगर आहे. वय ६६. गोळ्या चालू आहेत, रक्त तपासणं मनाला येईल तेव्हा. लावणी तोंडावर आलीय आणि उजव्या तळपायाला, अंगठ्याच्या मुळाशी, रुपयाएवढं जाड कुरूप झालंय. मधोमध काळसर डाग. दुखत नाही म्हणतात. शेजारच्या काकी म्हणाल्या, बिब्बा तापवून तेल लाव, चार दिवसांत गळून पडेल.

परवा पडवीच्या लादीवर लाल पाऊल उमटलेलं दिसलं. बघते तर डाव्या टाचेत करवंदीचा काटा मोडून बसलेला. आबांना पत्ताच नव्हता! नवरा मुंबईला, मी एकटी घाबरलेय. बिब्बा लावू की नको?

चिपळूणची काकू

नको गं बाई. बिब्बा लावू नकोस, आणि कुणाला ब्लेडने कुरूप तासूही देऊ नकोस. मेडिकलमध्ये कुरुपाची पट्टी मिळते, तीसुद्धा नको. तिच्यातही कातडी जाळणारं औषध असतं.

आमच्या घरी हेच झालंय. यांना असंच कुरूप होतं, करंगळीच्या खाली. मीच बिब्बा लावला. माझ्या हाताने. साध्या माणसाला बिब्बा उतला तर तो रात्रभर कळवळतो. हे शांत झोपले, आणि मला वाटलं, बरं झालं, मानवला. पाचव्या दिवशी मोज्याला पिवळट ओल आली, खोलीत वास यायला लागला. आधी ज्या दवाखान्यात नेलं तिथे नुसतं मलम देऊन घरी पाठवलं. मोठ्या डॉक्टरांकडे पोचेपर्यंत हाडात पू गेलेला. करंगळी काढावी लागली.

तेव्हापासून आमचा नेम आहे. रात्री जेवणं झाली की हे खाटेवर पाय लांब करून बसतात आणि मी ट्यूबलाइटखाली आरसा धरते. टाच, तळवा, आणि बोटांच्या बेचक्यांत बॅटरी मारून. बेचक्यात पांढरं, ओलसर दिसलं की तिथे चिखल्या होतायत समजायचं. पाय धुतले की बेचकी जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने टिपते. खोबरेल टाचांना लावते, बेचक्यांत नाही. चप्पल घालण्याआधी उलटी करून झटकायची, आत हात फिरवायचा. एकदा शर्टाचं बटण निघालं होतं, सकाळभर त्याच्यावर चालले होते हे!

तुझे आबा दुखत नाही म्हणतात ना, मला त्याचीच भीती वाटते. उद्याच ने.

सह्याद्री_७१

आमची आजी आयुष्यभर बिब्बा वापरायची, काही झालं नाही. सगळंच जुनं वाईट नसतं.

चिपळूणची काकू

दादा, तुमच्या आजीला चटका कळत होता ना? हिच्या आबांना मोडलेला काटा कळला नाही.

पायांची फिजिओ

काकूंशी पूर्ण सहमत. कुरुपातला काळसर डाग म्हणजे बहुतेक वेळा आत साकळलेलं रक्त. वरून जाड कातडी आणि खाली जखम, असं असू शकतं. डॉक्टरांकडे गेलात की दोन तपासण्या मागून घ्या. एक, नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून बघतात. तो १० ग्रॅम दाबाला वाकतो, आणि तेवढा दाब कळला नाही तर पायाची राखण करणारी संवेदना गेली समजायचं. दुसरी, पावलावरची नाडी, म्हणजे रक्त पोचतंय की नाही. काट्याच्या जखमेसाठी धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

जखम असेल तर औषधाइतकंच महत्त्वाचं म्हणजे त्या जागेवर भार न देणं. दिवसातून चार पावलं टाकली तरी ती पुन्हा उघडू शकते. लावणीच्या चिखलात तर अजिबात नाही, आपल्याकडे पावसात लेप्टोचीही (उंदरांच्या मुतामुळे चिखल-पाण्यातून होणारा ताप) भीती असते. बरं झाल्यावर एमसीआरची (एक प्रकारचं मऊ, सच्छिद्र रबर) मऊ चप्पल घ्या, मागे पट्टा असलेली, अंगठा नको. या चपला आधी कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी वापरात आल्या. बधिरपणा तोच, फक्त कारण वेगळं, इथे शुगर.

आणि पाय गार पडतात म्हणून गरम पाण्यात बुडवू नका. भाजलेलं त्यांना कळणार नाही.

एखादा पाय अचानक सुजून गरम लागला, तर दुखत नसला तरी त्याच दिवशी दाखवा. आतली हाडं ढासळत असू शकतात.

गुहागरची सून

काकू, ताई, काल नेलं. डॉक्टरांनी कुरूप सोललं तर खाली मसुराएवढं भोक! आबा शांतपणे पंख्याकडे बघत होते, मला मात्र भोवळ आली. फोटोत हाड ठीक आहे. तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) १०.४ टक्के, म्हणजे खूपच जास्त निघाली, इन्सुलिन सुरू केलंय. पाय टेकायचा नाही म्हणून वॉकर आणला. लावणीला दोन गडी जास्त सांगितलेत. आबा ओटीवर बसून रोपाच्या जुड्या मोजतात आणि तिथूनच ओरडतात. काल आरसा धरला तर लाजले, "सुनेने पाय काय बघायचे" म्हणाले. मी म्हटलं, मग कोण बघणार?

ताई, ती एमसीआरची चप्पल चिपळूणला मिळते की रत्नागिरीला जावं लागेल?