प्रमाणपत्राची मुदत आणि गायब तक्रारी

पाककृती लिहिणाऱ्या या बाईंचे संकेतस्थळ दर तीन महिन्यांनी नेमके बंद पडते, त्याअर्थी हा सहानुभूती आणि वर्गणी मिळवण्याचा बनाव आहे, हे वर मांडलेले मत मला निम्मेच पटते. या नियमितपणामागे साधे तांत्रिक कारण असू शकते. संकेतस्थळाशी होणारी जोडणी सुरक्षित असल्याची ब्राउझरला खात्री देणारे सुरक्षा प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था मोफत देते; तिचे नेहमीचे प्रमाणपत्र ९० दिवस चालते, सर्व्हरवरचे आपोआप होणारे नूतनीकरण अडले, की मुदत संपताच ब्राउझर अळूवडीच्या पानाऐवजी धोक्याचा इशारा दाखवतो, आणि मुदत संपत आल्याची आठवण देणाऱ्या ईमेलही त्या संस्थेने २०२५ मध्ये बंद केल्या आहेत. इशारा दिसत असताना प्रमाणपत्राचा तपशील उघडला, तर वैधतेची शेवटची तारीख कोणालाही वाचता येते. ती उलटून गेलेली असेल, तर निदान बंद पडण्यापुरता बनावाचा आरोप मागे घेतला पाहिजे.

मात्र प्रमाणपत्र संपल्याने मजकूर पुसला जात नाही. बंद पडलेले संकेतस्थळ पुन्हा सुरू झाल्यावर त्यावरच्या फराळाच्या सशुल्क वर्गाबद्दलच्या तक्रारी तेवढ्या नाहीशा होतात आणि कौतुक जागच्या जागी राहते, याचा खुलासा त्यांनीच करायला हवा, निदान ज्यांनी पैसे भरले त्यांच्यापाशी तरी.