मदत हवी आहे: मावा (तंबाखू-सुपारीचा) खाऊन आजारी पडलेल्याला निधीतून पैसे द्यावेत का?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमच्या गल्लीतल्या तालमीचा मदतनिधी आहे, महिन्याला प्रत्येकी १०० रुपये. आमच्यातल्या एकाला तोंडाचा कॅन्सर झालाय. वीस वर्षं मावा खायचा. ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झालं, तिथं व्यसनामुळे अडवलं नाही. आता रेडिएशन आहे, आठवड्यातले पाच दिवस, सहा-सात आठवडे. रिक्षाभाडं, नळीतून द्यायचं पातळ खाणं, बुडालेली रोजंदारी सगळं घरच्यांवर.

निधीतून २०,००० द्यावेत असं मी म्हटलं, तर निम्मे म्हणतात, "त्यानं हौसेनं खाल्लं, आम्ही का भरायचं?" राग कळतो मला, त्यातले काहीजण कर्ज काढून आईबापाचं औषधपाणी करतायत. पण त्याला पहिली पुडी तालमीच्या कट्ट्यावर आम्हीच दिलेली. आणि उद्या हेल्मेटशिवाय पडलेल्याला, पथ्य न पाळणाऱ्या शुगरवाल्यालाही नाही म्हणायचं का?

तुमच्या मंडळात, भिशीत याचा नियम कसा ठरवलाय? व्यसन सोडायची अट घालता का? पैसे हातात देता की थेट मेडिकलवाल्याला? रविवारी बैठक आहे, त्याआधी सांगा. वहिनी रोज विचारतायत.