मदत हवी आहे: यशिकाचा अख्खा रोल पांढरा, रविवारच्या आत उपाय हवा

घाटवाट (मंगळवार, रात्री १०:४२)
यशिका (जुना फिल्म कॅमेरा) घेतली. सेल नवा टाकला, रोल टाकला, ३६ पैकी तीसेक फोटो पांढरेफटक. उरलेल्यांवर केशरी पट्टे. लॅबवाला म्हणतो कॅमेरा खराब, विकणारा म्हणतो लॅब खराब. दिवा लागतो, म्हणजे सेलचा प्रश्न नाही. रविवारी राजमाचीला न्यायचाय. काय करू? 'मोबाइल वापर' असले सल्ले नकोत.

रोल१२० (रात्री ११:०५)
कुठली यशिका? त्या नावाचे दोन भिंगांचे 'मॅट' कॅमेरेही आहेत, आरशाचे एसएलआरही आणि एमएफ-२ सारखे साधे डबेही. दिव्याचं म्हणताय म्हणून इलेक्ट्रो ३५ धरतो. मग जी, जीएस की जीएसएन? कुठला दिवा लागतो, मागचं बटण दाबल्यावरचा हिरवा की व्ह्यूफाइंडरमधले पिवळा (शटर संथ) आणि लाल (प्रकाश जास्त) बाण? सेल कुठला? रोल कुठला आणि आयएसओची (रोल प्रकाशाला किती संवेदनशील त्याची) कडी कितीवर होती? अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचं छिद्र, किती ठेवलं होतंत?

घाटवाट (रात्री ११:११)
जीएसएन. हिरवा. सेल ६ व्होल्टचा. गोल्ड २००, कडी २०० वर. ऑटो कॅमेरा आहे ना, मग अ‍ॅपर्चर आपण कशाला बघायचं?

चिकित्सक (रात्री ११:३०)
इथेच घोळ आहे. इलेक्ट्रोचा ऑटो अर्धाच ऑटो आहे. अ‍ॅपर्चर तुम्ही निवडायचं, शटरचा वेळ कॅमेरा ठरवतो, ३० सेकंदांपासून १/५०० पर्यंत. १/५०० च्या वर तो जाऊच शकत नाही. गोल्ड २०० घेऊन भर उन्हात भिंग एफ/१.७ वर (आकडा लहान, छिद्र मोठं) उघडं ठेवलंत, तर योग्य एक्स्पोजरला १/२०,००० च्या आसपास शटर लागेल. म्हणजे पाच स्टॉपपेक्षा जास्त (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट) फाजील प्रकाश. व्ह्यूफाइंडरमधला लाल बाण ओरडून हेच सांगत असतो. बटण अर्धं दाबल्यावर तो दिसायचा का?

आणि एक. भिंगाभोवती ऑटो, विजेची (फ्लॅशची) खूण आणि बी (बटण दाबून धराल तोवर शटर उघडं) अशी कडी आहे. ती विजेच्या खुणेवर सरकली असेल, तर शटर १/३० लाच अडकतं. तोही रोल पांढराच येणार.

घाटवाट (रात्री ११:३८)
कडी ऑटोवरच आहे. अ‍ॅपर्चर बहुतेक ८ होतं, काही १.७ ला काढले. लाल कधीच नाही, पिवळा सारखा लागतो. उन्हातही.

निगेटिव्ह_काका (बुधवार, सकाळी ६:५०)
अहो, 'पांढरे फोटो' म्हणजे स्कॅन पांढरे. स्कॅनवरून निदान करू नका. निगेटिव्ह हातात आहेत का? ती काळीकुट्ट असतील तर प्रकाश जास्त झाला. कोरी पारदर्शक असतील तर प्रकाश पोचलाच नाही. मग चौकटीबाहेरच्या कडेवरचे आकडे आणि रोलचं नाव बघा. ते नेहमीसारखे ठसठशीत असतील तर रोल धुताना चूक झालेली नाही. लॅब की कॅमेरा, हे भांडण तिथेच मिटतं.

घाटवाट (सकाळी ९:१५)
लॅब फक्त स्कॅन पाठवते.

निगेटिव्ह_काका (सकाळी ९:२०)
मग जा आणि मागून आणा. निगेटिव्ह तुमचं आहे.

कॅमेरेश्वर (सकाळी १०:०२)
मुद्दा सेलचाच आहे आणि सगळे तो सोडून बोलताय. या कॅमेऱ्याला ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा पीएक्स३२ लागायचा. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यानंतर आणि युरोपात २००० पासून पाऱ्याचे सेल बंद झाले. आता जो तो ६ व्होल्टचा ४एलआर४४ कोंबतो आणि मग प्रकाश मोजणारा मीटर चुकतो. डायोड लावून व्होल्टेज खाली आणा, दुसरा उपाय नाही.

चिकित्सक (सकाळी १०:२५)
डायोडचा मंत्र १.३५ व्होल्टच्या पीएक्स६२५ सेलवाल्यांसाठी आहे. तिथे सुईचा मीटर थेट व्होल्टेजवर चालतो आणि १.५ चा सेल टाकला की खरोखरच चुकतो. इलेक्ट्रोचं सर्किट ०.४ व्होल्टचा फरक पचवतं, निगेटिव्हवर तो ओळखू येत नाही. पाच स्टॉपची चूक त्याच्या माथी मारू नका.

खरी अडचण आकाराची. पीएक्स३२ साधारण ४४ मिमी लांब असायचा, ४एलआर४४ फक्त २५ मिमी आणि बारीक. उरलेल्या जागेत स्प्रिंग टाकतात आणि सेलभोवती कागदाची नळी गुंडाळतात, म्हणजे तो खडखडत नाही. घाटवाट, तुमच्या डब्यात काय भरलंय? चांदीच्या कागदाचा बोळा असेल तर आधी काढा. तो चालताना हलतो, क्षणभर संपर्क तुटतो, आणि कडेला टेकला तर शॉर्टही होतो.

घाटवाट (सकाळी १०:४०)
बोळाच आहे. :(

कोकण_काजळी (सकाळी ११:१०)
आधी भिंगात टॉर्च मारून बुरशी बघा. पावसाळ्यात ६५ टक्क्यांवर आर्द्रता गेली की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात. कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवत असाल तर आजच बाहेर काढा, ते चामडं ओल धरून बसतं. हवाबंद डबा, आत निळी सिलिका जेल. गुलाबी झाली की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशाला तापवून पुन्हा निळी करायची. काही जण तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवतात, ते मात्र करू नका, पिठूळ धूळ शटरमध्ये शिरते.

रोल१२० (सकाळी ११:१४)
काजळी, माहिती सोन्यासारखी आहे, पण बुरशीने फोटो धुरकट होतात, पांढरेफटक नाही.

बाबूराव_क्लिक (सकाळी ११:४०)
आमच्या माळ्यावर आग्फा क्लिक ३ आहे. किती जाईल?

रोल१२० (सकाळी ११:४२)
वेगळा धागा काढा हो.

घाटवाट (दुपारी ४:३०)
निगेटिव्ह आणली. काळी. कडेचे आकडे स्पष्ट. बोळा काढून स्प्रिंग बसवली. पिवळा अजून लागतोच. आता?

निगेटिव्ह_काका (दुपारी ४:५५)
छान. लॅब सुटली. आता रोल न घालता मागचं दार उघडा. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर १६, ऑटो. ट्यूबलाइटच्या खोलीत बटण दाबा, शटर ३-४ सेकंद उघडं राहायला हवं. मग गच्चीवर, भर उन्हात, तेच अ‍ॅपर्चर, बटण दाबा. साधारण १/१२५, म्हणजे 'टक्' करून लगेच मिटायला हवं. दोन्हीकडे सारखंच लांबलं तर शटर प्रकाशाला दाद देत नाही.

आणि कान द्या. फिल्म पुढे सरकवायचा खटका ओढताना शेवटी कॅमेऱ्याच्या पोटात एक जाड 'खट्ट' ऐकू यायला हवं.

कॅमेरेश्वर (संध्याकाळी ५:१०)
गच्चीवर आकाशाकडे रोखू नका, मीटरची खिडकी आंधळी होईल.

चिकित्सक (संध्याकाळी ५:१८)
आंधळी होत नाही. ती कॅडमियम सल्फाइडची आहे. प्रखर प्रकाश बघून लगेच अंधारात नेली तर काही वेळ चुकते, मग सावरते. कायमची मंद होते ती सेलेनियमची, झेनिट-ई कॅमेऱ्यावर असते तशी. तिला सेल लागत नाही, पण वयाबरोबर ताकद जाते. म्हणून चाचणी आधी खोलीत, नंतर गच्चीवर करा, उलटी नको.

घाटवाट (संध्याकाळी ५:४०)
दोन्हीकडे लांबतं. उन्हातही मोजून दोन सेकंद. 'खट्ट' अजिबात नाही, नुसतं करकर.

निगेटिव्ह_काका (संध्याकाळी ६:०५)
मग सापडलं. इलेक्ट्रो गोळा करणारे त्याला 'मरणाची गादी' म्हणतात. शटरच्या बटणाखाली उभी दांडी आहे आणि तिच्या हालचालीला अडवणारी एक छोटी रबरी गादी. पन्नास वर्षांत ती डांबरासारखी चिकट होते, मग चुरते. गादी गेली की दांडी आपल्या जागेवर परतत नाही, सर्किटचे संपर्क वेळेवर उघडत-मिटत नाहीत, 'खट्ट' येत नाही आणि एक्स्पोजर भरकटतं. तुमचा उन्हात पेटणारा पिवळा दिवा हाच. हा कॅमेऱ्याचा दोष नाही, रबराचं वय.

खात्रीसाठी शेवटची चाचणी. सेल काढा आणि तसंच बटण दाबा. सेलशिवाय हे शटर यांत्रिकपणे १/५०० ला चालतं. 'टक्' करून मिटलं तर शटरची पाती मोकळी आहेत, रोग वरच्या बाजूला आहे. लांबलं तर पात्यांवर तेल चढलंय आणि काम मोठं आहे.

घाटवाट (संध्याकाळी ६:१२)
टक्कन मिटलं!! गादी कशी बदलायची?

चिकित्सक (संध्याकाळी ६:५०)
सेल आणि रोल काढून. रिवाइंडच्या नॉबचा काटा आतून पेन्सिलने अडवा आणि नॉब उलटा फिरवा, निघतो. खटक्यावरची टोपी रबराच्या तुकड्याने दाबून फिरवायची, पक्कड लावलीत तर ओरखडे येतात. मग वरच्या झाकणाचे स्क्रू. जीएसएनला वर गरम शू (फ्लॅश बसवायची खाच) आहे, झाकणाला तार जोडलेली असते. झाकण उचलून बाजूला फेकलंत की तार तुटली. हळूच कलतं ठेवा. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा, स्क्रू क्रमाने चिकटपट्टीवर लावा.

मग बटणाखालच्या दांडीच्या तळाशी बघा, काळा चिकटा दिसेल. काही जण पुढचं चामडं सोडवून भिंगाचा सांगाडाच पुढे काढतात, जागा मोकळी मिळते. पण वाकड्या चिमट्याने वरूनही जमतं. जुना चिकटा टूथपिक आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण काढा. थेंब ओतू नका, कापसाच्या काडीला ओलसर लावा. नवी गादी लावली की खटका ओढा. 'खट्ट' आलं की जाडी बरोबर. आलं नाही तर गादी पातळ आहे. खटका शेवटपर्यंत जात नसेल तर जाड आहे, अजून कापा.

सायकल_शास्त्री (संध्याकाळी ७:१५)
सायकलची जुनी ट्यूब, दोन पदरी, काम फत्ते.

चिकित्सक (संध्याकाळी ७:२२)
रबरच वितळलं म्हणून हे झालं, तुम्ही परत रबर घालताय.

सायकल_शास्त्री (संध्याकाळी ७:२५)
पहिलं पन्नास वर्षं टिकलं. दुसरं मी गेल्यावर वितळेल.

चिकित्सक (संध्याकाळी ७:३१)
तेलाच्या सान्निध्यात असलं तर लवकर वितळतं. निओप्रीन (तेल सोसणारं कृत्रिम रबर) किंवा कडक प्लास्टिकची चकती घ्या.

सायकल_शास्त्री (संध्याकाळी ७:३४)
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

रोल१२० (रात्री ८:००)
केशरी पट्ट्यांचं कुणी बोललंच नाही. तो वेगळा आजार आहे. प्रकाश मागच्या दारातून शिरला की फिल्मच्या पाठीकडून लागतो, लाल रंग टिपणारा थर त्याला आधी भेटतो, म्हणून पट्टे केशरी-लाल. दाराच्या खाचांमधला आणि बिजागरीजवळचा फोम काळ्या चिकट्यात बदललेला असणार. तोही टूथपिकने काढा, खाचेत काळी लोकर दाबून बसवा, बिजागरीला काळं फेल्ट. चिकटा पात्यांवर पडू देऊ नका, काम करताना कॅमेरा उलटा धरा. आणि सेलच्या डब्यात हिरवट बुरा असेल तर पांढऱ्या व्हिनेगरने, मग अल्कोहोलने पुसा. सॅंडपेपर मारू नका. संपर्काचा मुलामा गेला की पुन्हा बुरा धरतो.

कॅमेरेश्वर (रात्री ८:२०)
एवढा खटाटोप? विका आणि झेनिट घ्या.

निगेटिव्ह_काका (रात्री ८:४५)
रविवारसाठी झाकण उघडूच नका, घाईत तार तुटेल. लोकर बसवा आणि सेलशिवाय १/५०० ला चालवा. आयएसओ ४०० चा रोल घ्या. कडक ऊन एफ/१६, विरळ ढग ११, ढगाळ ८, गडद ढग ५.६, झाडीची सावली ४. राजमाचीवर या दिवसांत धुकंच असणार, ४ पासून सुरुवात करा. रंगीत निगेटिव्हला थोडा जास्त प्रकाश चालतो, कमी चालत नाही. शंका आली की एक स्टॉप उघडा. फोकस मात्र तुमचं तुम्ही. अ‍ॅपर्चर उघडं असताना जवळचं काही काढणार असाल तर व्ह्यूफाइंडरमधला पिवळा चौकोन नीट जुळवा.

रोल घेताना विचारून घ्या. सिनेमाच्या फिल्मवरून भरून विकलेला असेल तर त्याच्या पाठीवर काजळीचा थर असू शकतो. साध्या सी-४१ (रंगीत रोल धुण्याच्या) यंत्रात तो घातला तर रसायन खराब होतं आणि लॅब परत पाठवते.

घाटवाट (गुरुवार, सकाळी ९:०५)
लोकर बसवली. एचपी५ घेतला, कृष्णधवल. झाकण सोमवारी उघडीन. पिवळा फिल्टर लावायचाय, मापाचं काय?

रोल१२० (सकाळी ९:३०)
५५ मिमी. मीटरची खिडकी भिंगाच्या वर, बाहेर आहे. फिल्टरमुळे कमी झालेला प्रकाश तिला कळत नाही. काकांच्या तक्त्यापेक्षा सगळीकडे एक स्टॉप उघडा. गादी बदलल्यावर ऑटोत वापरलात तर आयएसओची कडी ४०० ऐवजी २०० वर.

बाबूराव_क्लिक (सकाळी ९:४४)
क्लिक ३ ला सेल लागतो का?

रोल१२० (सकाळी ९:४५)
नाही. १२० चा रोल लागतो. आणि वेगळा धागा.